धाकटे पायगुंडे

काशीत ब्रह्मा घाटावरच्या श्रीनिवास पायगुंड्यांनी चौकातल्या एका संस्कृत छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. बाकीचे प्रकाशक पुस्तकाच्या शेवटी 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' अशा दोन रकान्यांचं शुद्धिपत्र जोडत. या छापखान्याचा मालक त्या पानावर स्वतःची जाहिरात छापायचा, आणि ते पान मोकळं राहिलं ते पायगुंड्यांमुळे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

चूक दिसली की श्रीनिवासरावांच्या भुवईला आकडी यायची. जिरं आणलं की आधी पुडीचा कागद वाचून दुरुस्त व्हायचा, मग जिरं डब्यात. शेजारपाजारच्या लग्नपत्रिका त्यांच्याकडून लाल पेन्सिलीच्या खुणांसकट परत जायच्या. घाटावरच्या नावाड्यांनी 'नोका विहार' अशी पाटी रंगवली, तेव्हा यांनी पानवाल्याकडून बोटभर चुना आणून राहिलेली मात्रा देऊन टाकली आणि मगच नावेत पाय ठेवला. चौसष्ट साली खुद्द त्यांच्या लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव 'पद्मा'ऐवजी 'पद्या' छापून आलं होतं. लग्न पाच दिवसांवर होतं. घरच्यांनी परोपरीनं समजावलं. पण पद्या नावाच्या मुलीशी आपला काही संबंध नाही, असं म्हणून ते छापखान्यात जाऊन बसले ते चारशे पत्रिका नव्यानं निघेपर्यंत. इंदूरला ही हकीकत कळली, तेव्हा पद्माबाईंच्या वडिलांना जावई फार बाणेदार वाटला. पद्माबाईंना काय वाटलं, ते त्यांना कुणी विचारलं नाही.

सत्त्याण्णव साली ते निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत घरातलं छापील तेवढं दुरुस्त करून बसले. पंचांग झालं, बिस्किटांचे पुडे झाले, औषधांच्या बाटल्या झाल्या. मग ते खिडकीत बसून गल्लीकडे बघत राहायचे. गल्लीत लिहिलेलं असं फार काही नव्हतं.

पुढच्या वर्षी कार्तिकात पद्माबाईंची भाची रुची पुण्याहून आली. ती कॉम्प्युटरचं शिकलेली. काकांचं हे सुतकी बसणं तिला बघवेना. "काका, चला," म्हणाली आणि त्यांना विद्युल्लता लेल्यांच्या टेलिफोन बूथवर घेऊन गेली. विद्युल्लताबाई चाळिशीच्या, जिभेनं तेज आणि हातानं त्याहून तेज. घाटावर उतरणारे परदेशी पाहुणे फार विचारतात म्हणून त्यांनी त्याच साली बूथमध्ये एक कॉम्प्युटर बसवला होता. तो फोनच्या तारेला जोडला की आधी खूप किंचाळायचा आणि मग जग दाखवायचा.

रुचीनं त्यांना एका मंडळाचं सभासद करून दिलं. मंडळाचं नाव 'सातासमुद्रांचा कट्टा'. अमेरिका, कॅनडा, कुठल्या कुठल्या देशांतली मराठी माणसं तिथं एकमेकांना निरोप लिहीत. एकानं लिहिलेलं सगळ्यांना दिसे. आपलं खातं उघडायला नाव लागे, एक पासवर्ड लागे, आणि पासवर्ड विसरला तर ओळख पटवण्यासाठी एक गुप्त प्रश्न लागे. श्रीनिवासरावांनी पासवर्ड ठेवला 'निर्दोष'. प्रश्न होता, 'तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?'

"धर्माधिकारी," श्रीनिवासराव म्हणाले, आणि त्यांनी इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर करून रुचीला सांगितलं. तिनं झराझरा बोटं चालवली. पडद्यावर नुसत्या फुल्या उमटल्या.

"मला दिसत नाही काय लिहिलंस ते."

"दिसायचंच नसतं काका. गुप्त आहे."

चौतीस वर्षांत त्यांनी मुद्रित न बघता पसंत केलेला हा पहिला मजकूर.

कट्टा उघडला आणि श्रीनिवासरावांना गेलेलं तारुण्य परत मिळालं. तिथं सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होते! असा अशुद्धाचा महासागर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. रुची पुण्याला परतली, पण काका रोज सकाळी दहाला बूथवर हजर. पद्माबाई सोबतीला असायच्या. त्या विद्युल्लताबाईंशी गप्पा मारत मटार सोलायच्या. छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात मोठ्यानं वाचायची श्रीनिवासरावांना सवय होती. ते एका बोटानं एकेक अक्षर दाबायचे आणि दाबताना त्याचा पुकारा करायचे. त्यात पासवर्डही आलाच.

पहिल्याच आठवड्यात न्यू जर्सीहून मंडळाचा व्यवस्थापक निमिष यानं लिहिलं की, आईचा व्हिसा झालाय, मी आईची वाट पाहतोय. श्रीनिवासरावांनी तासभर खपून उत्तर दिलं, 'आपण आईची वाट पाहता, वात पाहता की वट, हे आपल्या लेखनावरून स्पष्ट होत नाही.' टोरांटोच्या शरदिनीबाईंनी सासरे गेल्याचं कळवलं, त्यांना यांनी दीर्घ 'ई' कशी दाखवावी ते कळवलं. जानेवारीअखेर त्यांचे असे एकसष्ट निरोप झाले. एकाचंही उत्तर आलं नाही. लोक निमूटपणे सुधारताहेत, असा त्यांनी अर्थ घेतला.

फेब्रुवारीत त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे वाचायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. होळी झाल्यावर पंधरा दिवसांनी नवा चष्मा लावून ते बूथवर गेले, पासवर्डच्या भानगडीत न पडता आधी कट्ट्यावरचा मजकूर उघडला.

त्यांच्या नावावर एकशे बारा नवे निरोप होते.

"विद्युल्लता, हे कोणी लिहिलं?"

"मला काय माहीत काका? दिवसाला चाळीस माणसं येतात-जातात," विद्युल्लताबाई म्हणाल्या आणि उगाच रिसीव्हर पुसू लागल्या.

श्रीनिवासरावांनी सगळ्याचं प्रिंट काढून घेतलं आणि घरी येऊन लाल पेन्सिल उचलली. आपल्या नावावर कुणी काय लिहिलंय, हे त्यांनी पहिल्या वाचनात बघितलंच नाही. नऊशे सत्तावीस चुका निघाल्या. दुसऱ्या वाचनात मजकूर बघितला, तर त्यात पायगुंडे नावाचा इसम निमिषच्या आईच्या गुडघ्याला शेक सांगत होता, शरदिनीबाईंच्या मुलीला पुरणाचं प्रमाण देत होता, वास्तुशांतीचे मुहूर्त काढून देत होता. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'काल सकाळी मी लिंबाचं लोणचं घातलं आणि मग घाटावर जाऊन दोन श्राद्धं लावली.' आणखी एका ठिकाणी, 'डोहाळजेवणाला मी हिरवी पैठणी नेसलो होतो.' यावर कुणीतरी शंका काढली होती. तेव्हा काशीकडची मराठी अशीच आहे, तिथं हिंदीमुळे लिंगाचा घोटाळा होतो, असा खुलासा दुसऱ्यानं केला आणि विषय मिटला.

खाली उत्तरंच उत्तरं होती. 'काका, तुम्ही देवमाणूस.' 'काका, आधी तुमची भीती वाटायची.' 'काका, आज उशीर का?'

श्रीनिवासराव पद्माबाईंना म्हणाले, "कुणीतरी माझ्या नावानं ऱ्हस्व-दीर्घाची कत्तल करतोय. उद्याच्या उद्या पासवर्ड बदलतो."

"बदला की," पद्माबाई म्हणाल्या आणि पोळी उलटली.

दुसऱ्या दिवशी कळलं की पासवर्ड बदलायला आधी जुना लागतो, आणि 'निर्दोष' आता चालत नव्हता. चोरानं तो आधीच बदलला होता. मग राहिला गुप्त प्रश्न. श्रीनिवासरावांनी खणखणीत आवाजात 'धर्माधिकारी' लिहिलं. उत्तर चूक आहे, असं यंत्र म्हणालं. दिवसाला तीनच संधी मिळत. तिन्ही वेळा त्यांनी तेच लिहिलं, कारण तेच बरोबर होतं.

त्यांनी पुण्याला फोन लावला. रुची म्हणाली, "काका, मी घाईत होते हो. एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं असेल."

"म्हणजे मुद्रणदोष."

"हो, तसंच काहीतरी."

श्रीनिवासरावांनी फोन खाली ठेवला. आत शिरायचं तर आता चूक करायला हवी होती. आणि नुसती चूक नव्हे, नेमकी तीच चूक. घरी जाऊन त्यांनी वही आखली. चुकांच्या जाती त्यांच्याइतक्या कुणाला माहीत होत्या? अक्षर गळणं, अक्षर दोनदा पडणं, दोन अक्षरांची अदलाबदल, आणि बोट घसरून शेजारचं अक्षर उमटणं. 'धर्माधिकारी'च्या इंग्रजी स्पेलिंगच्या पहिल्या फेरीतच एकशे चाळीस अशुद्ध रूपं निघाली.

पहिल्या दिवशी बोट उचलेना. विद्युल्लताबाई म्हणाल्या, "काका, मी दाबू का?"

"नको. ज्याचं पाप त्यानंच करावं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून 'धर्मादिकारी' लिहिलं. घरी गेल्यावर अंघोळ केली.

असे सतरा दिवस. 'धर्मधिकारी', 'धर्माधिकरी', 'धमार्धिकारी'. तो जोरजोरात होणारा पुकारा ऐकून गल्लीतल्या लोकांना वाटलं, पायगुंडेजी आजोळच्या लोकांना शिव्याशाप देताहेत. शेजारचे भिक्षुक वेणीमाधव शेवडे तर येऊन विचारूनही गेले की शांत वगैरे करायची आहे का. रोज संध्याकाळी श्रीनिवासराव पद्माबाईंना आजच्या तीन चुका सांगत. त्या ऐकून घेत.

सतराव्या दिवशी दुसऱ्या प्रयत्नाला त्यांना एक गोष्ट आठवली. रुची उजव्या हाताची बोटं झराझरा चालवते, पण डाव्या हाताचं एकच बोट वापरते, आणि ते उजवीकडे झुकतं. इंग्रजी 'आर'च्या उजवीकडे 'टी' असतो. शेवटून दुसऱ्या अक्षरावर 'टी' टाकून त्यांनी कळ दाबली. यंत्र किंचित घुटमळलं आणि उघडलं.

धर्माधिकाटी!

"उघडलं काका!" विद्युल्लताबाई ओरडल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

श्रीनिवासरावांनी डाव्या हातानं स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं आणि उजव्या हातानं नवा पासवर्ड लिहिला. तो काय होता, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

घरी येऊन त्यांनी विजयाची वार्ता दिली. पद्माबाईंनी विळी बाजूला सारली.

"अहो, मग आता मी निमिषला कळवू कसं? त्याच्या आईला सूज उतरल्यावर शेक बंद करायला सांगायचं होतं."

श्रीनिवासरावांनी विचारलं, "म्हणजे... तू?"

"मी आणि वेणीमाधवभाऊ. मुहूर्ताचं मला काय कळतं? ते मुहूर्ताचं सांगायचे, मी बाकीचं. टाइप विद्युल्लता करायची. तुमचा डोळा बांधलेला, आणि तिकडून एका बाईनं विचारलं होतं की काका गप्प का, बरे आहेत ना. कुणी विचारपूस केली तर उत्तर नको द्यायला?"

"पण माझ्या नावानं?"

"घरात एक खातं असताना दुसरं कशाला काढायचं?"

"आणि पासवर्ड?"

"तो तर अख्ख्या गल्लीला पाठ होता. दूधवालासुद्धा म्हणायचा. म्हणून मीच बदलायला लावला. कुणी परका आत शिरायला नको. त्या दिवशी तोंडली आणली होती, म्हणून 'तोंडली' ठेवला."

"सतरा दिवस मी तुझ्यासमोर डोकं फोडतोय! एकदा तरी बोलायचंस!"

"तुम्ही चोर शोधत होतात," पद्माबाई शांतपणे म्हणाल्या. "मी कुठे चोर आहे?"

या युक्तिवादात चूक सापडेना. श्रीनिवासरावांनी जेवताना शोधली, वामकुक्षीत शोधली; सापडली नाही. तेव्हा त्यांनी निदान जे हातात होतं ते करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कट्ट्यावर जाहीर केलं की गेले एकशे बारा निरोप आपले नव्हेत, आणि त्यांचं शुद्धिपत्र आपण एकोणीस हप्त्यांत देणार आहोत. सोबत पहिला हप्ता जोडला.

कट्ट्यावर हलकल्लोळ झाला. काकांचं खातं कुणीतरी चोरलं! शरदिनीबाईंनी लिहिलं की आमचे काका असे तुसडे नाहीत. कुणी म्हणालं, याला काही बोलू नका, उलट जास्त चुका काढेल. शेवटी व्यवस्थापक या नात्यानं निमिषनं सर्वांदेखत विचारलं, 'तुम्ही खरे काका असाल तर सांगा, माझ्या आईच्या गुडघ्याला तुम्ही काय सांगितलं होतं?'

विचारायला पद्माबाई चार हातांवर बसल्या होत्या. पण श्रीनिवासरावांना ते पटेना. आपणच आपण आहोत, याला गुडघ्याचा पुरावा कशाला? त्यांनी लिहिलं, 'मी वैद्य नाही. आपल्या प्रश्नात गुडघ्याचा गुदघा झाला आहे.'

पुढच्या तासाभरात खातं वरूनच बंद झालं.

विद्युल्लताबाईंनी बूथच्या स्वतःच्या ई-मेल पत्त्यावरून निमिषला कळवलं, 'खडेमीठ भाजून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून शेकावं. काका.' संध्याकाळपर्यंत खातं पद्माबाईंच्या हाती परत आलं. कट्ट्यावर लोकांनी दिवाळी केली.

श्रीनिवासरावांनी दोन दिवस अन्न कमी घेतलं. तिसऱ्या दिवशी ते बूथवर गेले आणि स्वतःसाठी नवं खातं उघडू लागले. पण पायगुंडे हे नाव आधीच घेतलेलं आहे, दुसरं निवडा, असं यंत्र म्हणालं. त्यांच्याकडे दुसरं नाव नव्हतं. तेव्हा यंत्रानंच सुचवलं, 'पायगुंडे २'. नाइलाजानं त्यांनी ते घेतलं.

कट्ट्यावर या पायगुंडे दोनची बरीच चर्चा झाली. हा पुन्हा तोच चोर म्हणावा, तर चोर आपल्या नावापुढे दोन कशाला लिहील? अखेर शरदिनीबाईंनी उलगडा केला की हे काकांचे धाकटे भाऊ असणार. एकटे दिसतात, थोडे चिडके आहेत, पण घराणं चांगलं आहे. सगळ्यांना ते पटलं. पहिल्यांदाच त्यांना उत्तरं येऊ लागली. 'धाकटे काका, दीर्घ ई बरोबर आली का?' एवढंच असायचं, पण यायची.

आता बूथवर पाळ्या ठरल्या. दहा ते अकरा थोरले पायगुंडे, म्हणजे पद्माबाई आणि वेणीमाधवभाऊ. अकरा ते बारा धाकटे. एकदा पायगुंडे एकनं पुरणपोळीवर लिहिलेल्या निरोपात धाकट्यांनी सहा चुका दाखवल्या. दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं, 'धन्यवाद, भावजी.'

श्रीनिवासराव तसेच उठून घरी आले. "हे भावजी काय प्रकरण आहे?"

"सगळे वाचतात ना," पद्माबाई म्हणाल्या. "चारचौघांत आणखी काय म्हणणार?"

त्या डिसेंबरात निमिष आईला घेऊन काशीला आला. दाट धुकं होतं. मैदागिनच्या नाक्यापर्यंत टॅक्सीनं, पुढे गल्ल्यांतून विचारत विचारत दोघं दारात उभे राहिले. निमिषच्या आई सुनीतीबाई अठरा पायऱ्या हात न धरता चढून आल्या आणि पद्माबाईंचे हात धरून रडायलाच लागल्या. निमिषनं पिशवीतून दोन स्वेटर काढले. एक निळा, भारीतला. दुसरा मातकट.

"हा काकांचा आणि हा धाकट्या काकांचा," तो म्हणाला आणि श्रीनिवासरावांकडे वळला. "तुम्ही कोणते?"

श्रीनिवासरावांनी समोरच्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं. काका भेटणार म्हणून तो इतक्या लांबून आला होता. आपण काका आहोत असं सांगितलं, तर हा आता गुडघ्याचं, मुहूर्ताचं, लोणच्याचं काढील. आणि एकसष्ट निरोपांतलं त्याला काही आठवत असेल तर वाट, वात आणि वट एवढंच.

"धाकटा," ते म्हणाले. "थोरले प्रयागला गेलेत."

एकदा म्हटल्यावर ते निभवावं लागलं. पानं वाढली. पद्माबाई "भावजी, लाजू नका," म्हणत वाढत होत्या, आणि त्यांना त्यात मजा येत होती, हे छत्तिसाव्या वर्षी श्रीनिवासरावांना स्पष्ट दिसत होतं. जेवता जेवता सुनीतीबाईंनी विचारलं, "तुमचं लग्न..."

"नाही झालं," पद्माबाईंनीच सांगितलं. "फार चिकित्सक आहेत."

"अहो, मग माझी एक आतेबहीण आहे ठाण्याला. निवृत्त शिक्षिका. एकटीच असते. तीसुद्धा चुका काढते."

"कशाच्या?" श्रीनिवासरावांनी पटकन विचारलं.

पद्माबाईंच्या हातातला तुपाचा चमचा वरच्या वर थांबला.

पाहुणे दोन दिवस राहून गेले. निळा स्वेटर थोरल्यांसाठी ठेवला होता, तो वेणीमाधवभाऊंना बरोबर बसला. पंधरा दिवसांनी ठाण्याहून रीतसर टिपण आलं. फोटो, शिक्षण, गोत्र, सगळं. श्रीनिवासरावांनी ते लाल पेन्सिल घेऊन वाचलं, आणि मग पेन्सिल तशीच खाली ठेवली.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. आवाजात आदर होता.

पद्माबाईंनी टिपण त्यांच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली आणि चपला पायात सरकवून भर दुपारी, आपली पाळी नसताना, बूथ गाठला. विद्युल्लताबाई जेवायला बसणार होत्या, त्यांना उठवलं. पायगुंडे एकच्या खात्यावरून सुनीतीबाईंना निरोप गेला, 'स्थळ उत्तम आहे. पण भावजींना सध्या कर्तव्य नाही.'